शेजाऱ्यांचा त्रास आणि आजाऱ्याचे घर

वाचकहो, घरमालक आणि भाडेकरू यांचे भांडण हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचा विषय होऊन बसला आहे. नळाचे पाणी, जिन्यावरचा केर, वळचणीला वाळत घातलेली धुणी, यांवरून कोर्टाची पायरी चढलेली माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण या थट्टेच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. भाडेकरूचे वागणे शेजाऱ्यांना खरोखरच असह्य झाले, पण ते वागणे त्याच्या स्वभावाचे नसून आजाराचे असले, तर कायद्याने काय करावे? त्या माणसाला घराबाहेर काढावे की नाही? इतिहासाचा अध्यापक या नात्याने मी या प्रश्नाचा थोडा मागोवा घेतला आहे. तो आपल्यापुढे ठेवतो.

आधी एक आठवण सांगतो, कारण या विषयाकडे मी पुस्तकातून वळलो नाही. माझे बालपण इंदापूरच्या एका जुन्या वाड्यात गेले. मधे फरसबंदी चौक, भोवती सोपे, वर माडी आणि एकंदर सहा बिऱ्हाडे. संडास आणि नळ सामाईक. पलीकडच्या सोप्यात एक गृहस्थ राहत. पेठेतल्या दुकानात ते हिशेब लिहीत, अक्षर मोत्यासारखे. १९९१ साली, मी दहा वर्षांचा असताना, त्यांचे काहीतरी बिनसले. रात्री दोन-अडीचला ते चौकात येऊन ओरडू लागत, “भिंत पोखरतायत, उठा!” कधी दारे ठोठावत, कधी बादल्याच्या बादल्या पाणी चौकात ओतत. त्यांची पत्नी त्यांना हाताला धरून आत नेई आणि सकाळी प्रत्येक दारात जाऊन म्हणे, “वहिनी, माफ करा हो, रात्री फार त्रास झाला.” पहिले पंधरा दिवस सगळे म्हणाले, “असू द्या, काकू.” महिन्याने कोणी बोलेना. तिसऱ्या महिन्यात मालकांकडे एक अर्ज गेला. त्यावर पाच बिऱ्हाडांच्या सह्या होत्या. त्यांतली एक माझ्या वडिलांची.

मालकांनी वकिलाची नोटीस दिली. दावा काही झाला नाही. नोटीस आल्यावर आठच दिवसांत काकूंनी सामान बांधले. एका टेम्पोत दोन ट्रंका, एक शिलाई मशीन आणि पुढे ड्रायव्हरशेजारी ते गृहस्थ, अगदी शांत, मांडीवर हिशेबाची वही. ते कुठे गेले हे आम्हाला कधी कळले नाही. वडिलांना मी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “त्यांचा उपद्रव होत होता रे.”

उपद्रव! हा शब्द मी पुढे कायद्याच्या पुस्तकात पाहिला तेव्हा दचकलो. आणि तो तिथे आला कोठून, याचा शोध घेऊ लागलो.

मौज अशी, की या शब्दाचा माग थेट स्कॉटलंडातल्या ग्लासगो शहरापर्यंत जातो. पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळ्याच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत कामगारांची गर्दी झाली. घरे तेवढीच राहिली, तेव्हा मालकांनी भाडी वाढवली. १९१५ साली मेरी बार्बर या बाईच्या पुढाकाराने हजारो कुटुंबांनी वाढीव भाडे देण्याचे साफ नाकारले. हुसकावायला माणूस आला की बायका घंटा वाजवीत आणि सगळी आळी गोळा होई. सरकार नमले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटिश पार्लमेंटने भाडेवाढ रोखणारा कायदा केला. भाडेकरू भाडे देत आहे तोवर त्याला काढता येणार नाही, असे त्यात ठरले. पण अपवाद हवेत ना? त्यांतला एक अपवाद असा, की भाडेकरू लगतच्या वा शेजारच्या रहिवाशांना उपद्रव किंवा त्रास होईल अशा वर्तनाबद्दल दोषी असेल तर संरक्षण नाही.

तीनच वर्षांनी, १९१८ साली, मुंबई सरकारने आपला युद्धकालीन भाडे कायदा केला. मुंबईतही तीच गर्दी आणि तीच भाडेवाढ होती. विलायती कायदा समोर होताच. उपद्रवाचे ते शब्द जवळजवळ जसेच्या तसे इकडे आले. पुढे १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे कायदा झाला; त्याच्या तेराव्या कलमात ते बसले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या सोळाव्या कलमात ते अजून आहेत. ग्लासगोच्या गिरणगल्लीतले एक वाक्य अशा रीतीने आपल्या तालुक्याच्या कोर्टापर्यंत येऊन पोचले.

त्याआधी काय होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. एके काळी आपल्याकडे घर हे बहुधा आश्रयाने मिळे. बारामतीचेच उदाहरण घ्या. कविवर्य मोरोपंत पन्हाळ्याहून बारामतीस आले, ते बाबूजी नाईकांच्या आश्रयाला. आणि १७९४ साली त्यांनी देह ठेवला तोही बारामतीतच. आश्रय उदार असेल तर जन्म सुखाने जातो, पण आश्रयाला हक्क म्हणता येत नाही. धन्याची मर्जी फिरली की घरही फिरले. इंग्रजी अमलात १८८२ चा मालमत्ता हस्तांतर कायदा आला. त्याने मर्जीच्या जागी करार आणला खरा, पण महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस दिली की काम भागे. कारण सांगण्याची गरजच नव्हती. भाडे नियंत्रणाचे मोठेपण यात आहे, की त्याने मालकाला कारण सांगायला लावले. उपद्रव हे त्या कारणांपैकी एक.

आता या कलमाच्या बांधणीकडे जरा बारकाईने पाहू. मालकाला स्वतःला जागा हवी असेल, तर न्यायाधीशाने तराजू हाती घ्यायचा असतो. भाडेकरूला काढल्याने जास्त हाल होतील की न काढल्याने, हे तोलून पाहायचे आणि भाडेकरूचे हाल जास्त होणार असतील तर हुकूम द्यायचा नाही. ही तरतूद १९४७ च्या कायद्यात होती आणि आजही आहे. पण हा तराजू त्या एकाच कारणापुरता आहे. उपद्रवाच्या कारणाला तो लावलेला नाही. विलायतेत मात्र १९२० च्या कायद्याने अशा दाव्यांतही हुकूम देणे वाजवी आहे काय, हे पाहण्याचे काम न्यायाधीशाकडे दिले होते. आपण त्यांचे कलम घेतले, त्यांचा तराजू मात्र सगळा घेतला नाही.

दुसरे असे, की नुसत्या भाडेकरूच्याच नव्हे, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कोणाच्याही वर्तनाने घर जाऊ शकते. मुलगा आजारी, तर म्हातारे आईबापही रस्त्यावर. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो ‘दोषी’ हा शब्द. आजाराने भरकटलेला माणूस दोषी म्हणावा काय? फौजदारी कायद्याने याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे चौऱ्याऐंशीवे कलम असे, की मनाच्या विकृतीमुळे आपण काय करतो किंवा ते गैर आहे हे ज्याला कळत नाही, त्याचे कृत्य गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तत्त्व कायम आहे. म्हणजे पाहा, अशा अवस्थेत एखाद्याने दुसऱ्याचे डोके फोडले तर कायदा त्याला गुन्हेगार म्हणत नाही. पण त्याच अवस्थेत तो रात्रभर दारे ठोठावीत राहिला, तर भाडे कायद्याच्या शब्दांप्रमाणे तो दोषी ठरून बेघर होऊ शकतो. ही विसंगती आपल्या कायद्यात कितीतरी वर्षे कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही.

न खुपण्याचे एक कारण होते. अशा माणसाची जागा घरात नाहीच, असे कायदाच धरून चालला होता. १९१२ च्या वेडेपणाविषयीच्या कायद्याने भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यांना पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचा अधिकार पोलिसांना दिला होता. आमच्या पुणे जिल्ह्यात तर “याला येरवड्याला धाडा” हे वाक्य थट्टेतही येते आणि रागातही; तुरुंग असो की मनोरुग्णालय, पत्ता एकच. १९८७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला, तो १९९३ मध्ये अमलात आला; ‘वेडा’ हा शब्द गेला. पण रोख पुष्कळसा दवाखान्यात ठेवण्याकडेच राहिला. वाड्यातल्या त्या गृहस्थांना वाड्यातच ठेवून बरे करता येईल, हा विचार १९९१ साली आम्हा सहा बिऱ्हाडांपैकी कोणालाच सुचला नाही, त्यात नवल ते काय?

विचार बदलला तो हळूहळू. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्वाच्या सात प्रकारांत स्थान दिले. २००६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्याला मान्यता दिली. समाजात, इतरांसारखेच, स्वतःच्या निवडीने राहण्याचा हक्क त्या कराराच्या एकोणिसाव्या कलमात आहे. त्या कराराला अनुसरून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्यात एकवीस प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यांपैकी एक आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर स्पष्टच सांगतो, की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणावरून कोणाला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही.

२०१६ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमातले एक वाक्य आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे. अपंगत्वाच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करता येणार नाही; मात्र ते कृत्य एखाद्या रास्त हेतूसाठी असून त्या हेतूच्या प्रमाणात आहे असे दाखवले, तर गोष्ट वेगळी. यातला ‘प्रमाणात’ हा शब्द फार मोलाचा. डास मारायला तोफ नको, एवढाच त्याचा सोपा अर्थ. शिवाय वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच, असे हा कायदा म्हणतो. आणि या कलमाच्या संरक्षणासाठी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो असेही नाही. ती अट राखीव जागांसारख्या लाभांपुरती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितले आहे.

पण शेजाऱ्यांना होणारा त्रास खरा असेल तर? या प्रश्नाशी विलायतेतल्या न्यायालयांनी बरीच झटापट केली आहे. त्यांच्या १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाच्या कारणावरून भाडेकरूला काढणे हा भेदभाव ठरवला होता. २००४ साली मँचेस्टर नगर परिषदेच्या दोन मनोरुग्ण भाडेकरूंचे खटले वरिष्ठ न्यायालयापुढे आले. न्यायालय म्हणाले, वागणे आजारातून आलेले असेल तर घराबाहेर काढणे हा भेदभाव होऊ शकेल. शेजाऱ्यांच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका आहे, असे असेल तरच त्याचे समर्थन होईल. त्या दोघांच्या बाबतीत तो धोका न्यायालयाला दिसला आणि हुकूम कायम राहिले. पुढे २००८ साली लंडनमधल्या लुइशॅम भागाच्या खटल्यात काटा उलट फिरला. माल्कम नावाच्या, स्किझोफ्रेनिया असलेल्या भाडेकरूने घर पोटभाड्याने दिले होते. लॉर्ड्‌स सभागृहाने म्हटले, धडधाकट माणसाने पोटभाडेकरू ठेवला असता तरी त्यालाही काढलेच असते, मग यात भेदभाव कोठे? तर्क सरळ दिसतो, पण त्याने कायद्याचा प्राणच काढून घेतला. आंधळ्याला आणि डोळसाला एकच छापील नोटीस देऊन दोघांना समान वागवले म्हणण्यासारखेच ते झाले! म्हणून २०१० साली पार्लमेंटने समानतेचा नवा कायदा करून ती तुलनाच मोडीत काढली. अपंगत्वातून उद्भवलेल्या गोष्टीवरून कोणाला अपाय केला, तर तो प्रमाणात होता हे करणाऱ्याने दाखवावे. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घराच्या दाव्यांनाही नीट लावून दाखवला.

आपल्याकडे याच तत्त्वाचा उच्चार झाला तो नोकरीच्या खटल्यात. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रवींदर कुमार धारीवाल यांच्या प्रकरणात निकाल दिला. हे केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी. त्यांना मानसिक आजार होता आणि वागण्याबद्दल त्यांच्यावर खातेनिहाय चौकशी बसली होती. न्यायालय म्हणाले, मानसिक आजार असलेल्या माणसाकडून चाकोरीबाहेरचे वर्तन घडण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून त्या वर्तनावरून शिस्तीचा बडगा उगारणे हा आडवाटेने केलेला भेदभावच होय. आजार हे त्या वर्तनाचे एकमेव कारण असण्याची गरज नाही. अनेक कारणांपैकी एक असले तरी पुरे. माझे म्हणणे असे, की नोकरीच्या जागी ‘घर’ हा शब्द घालून हा निकाल वाचून पाहावा. इंदापूर-बारामतीकडच्या साखर कारखान्यांच्या वसाहतींत तर या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. क्वार्टर नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते.

आता आजची बारामती पाहा. औद्योगिक वसाहत झाली, महाविद्यालये वाढली, वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या. गृहनिर्माण सहकारी संस्थेत सभासदाला काढायचे, तर १९६० च्या सहकार कायद्याचे पस्तिसावे कलम लागते. खास सभा बोलवायची, त्याचे म्हणणे ऐकायचे, हजर मतदारांच्या तीन-चतुर्थांश मतांनी ठराव करायचा आणि वर निबंधकाची मंजुरी घ्यायची. इतकी कुंपणे आहेत; आणि सहकारी संस्था ही दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येप्रमाणे खासगी आस्थापनेत मोडते, हे पुष्कळ कार्यकारी मंडळांना ठाऊक नसते.

भाडेकरूचे तसे नाही. आता बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर जातात. मुदत संपली की मालक म्हणतो, “आता घरच्यांनाच जागा लागणार आहे, साहेब.” उपद्रव सिद्ध करायला नको, तराजू नको, न्यायाधीश नको. १९१८ पासून मालकाला कारण सांगावे लागत होते, ते पुन्हा सांगेनासे झाले. आश्रयाचे दिवस दुसऱ्या दाराने परत आले म्हणा ना! भेदभाव करू नये हे वाक्य कायद्यात आहे. पण जिथे कारणच बोलले जात नाही, तिथे भेदभाव पकडायचा कसा? माझ्या मते पुढच्या काळातली खरी अडचण ही आहे.

शेजाऱ्यांची बाजू हलकी आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. सहा बिऱ्हाडांत तीन महिने धड झोप नव्हती. कोणाचे मूल परीक्षेला बसले होते, कोणाची म्हातारी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली होती. त्यांनी अर्ज केला तो दुष्टपणाने नव्हे, थकून केला. कायदा त्यांनाही वाऱ्यावर सोडत नाही. त्यांची झोप आणि सुरक्षितता हा रास्त हेतूच आहे. फक्त कायदा विचारतो, की घराबाहेर काढण्याआधी दुसरे काय करून पाहिले? आजार आहे काय हे विचारले का? उपचार चालू आहेत की तुटले आहेत? खोली बदलून देता येईल का? रात्रीच्या वेळी कोणाला हाक मारायची, हे घरच्यांशी बोलून ठरवले का? हे सगळे करूनही धोका उरला, तर न्यायालय हुकूम देईल, आणि तेव्हा तो हुकूम अन्यायाचा म्हणता येणार नाही.

आणि ज्याच्या घरी असा आजारी माणूस आहे, त्याने नोटीस येताच सामान बांधू नये. नोटीस म्हणजे हुकूम नव्हे. दिव्यांग व्यक्तीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने वकील फुकट मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. मनाच्या आजाराबद्दल विचारायचे, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. बोलणे मराठीत होते.

वाड्याची जागा आता सपाट झाली आहे. गेल्या वर्षी वडिलांजवळ मी हा विषय काढला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमची माडीवरची खोली रिकामीच होती रे. चौकापासून लांब. त्यांना वर राहायला दिलं असतं तर?” चौतीस वर्षांपूर्वी हे त्यांना कोणी विचारले नव्हते. मालकांनी नाही, वकिलांनी नाही, आणि आम्ही शेजाऱ्यांनी एकमेकांनाही नाही. उपद्रवाचा अर्ज आपल्या हाती सहीसाठी आला, तर वाचकहो, सही करण्यापूर्वी एवढी चौकशी आपण अवश्य करावी, असे मला वाटते.